सोनाजीच्या कार्डावरची गोळी

डॉक्टर ऋतुराजला खेड्यातल्या माणसांचा तिटकारा होता. स्वतः खुलताबादजवळच्या वस्तीवर मेंढरांमागं वाढल्यामुळं तो जरा जास्तच होता. माणसांना काही विचारू नका, ती थापा मारतात, नोंदी बघा, असं तो कॉलेजात पोरांना ऐकवायचा.

त्याचं संशोधनही एसीत बसूनच चाले. देशभरच्या सरकारी आरोग्य नोंदी उघडायच्या आणि सांधेदुखीची गोळी कुणाच्या आरोग्य कार्डावर गेली, किडनी कुणाची बिघडली, याचा मेळ घालायचा. गोळी नेणारे म्हातारे ठणठणीत निघाले. किडनी गेलेल्या बायकांच्या कार्डावर गोळीच नव्हती. त्याच्या हाताखालची डॉक्टर करुणा एकदा म्हणाली, चार गावं फिरून बघू या. त्यानं तिला सगळ्यांदेखत असं झाडलं की तिनं पुन्हा विषय काढला नाही. गोळी निर्धोक आहे, हे शोधून काढल्याच्या तोऱ्यात त्यानं घरीही फोन करून कळवलं. आता हाच शोध तो दिल्लीच्या परिषदेत मांडणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची आई वच्छलाबाई सुजलेल्या तोंडानं त्याच्याच वॉर्डात दाखल झाली. किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. करुणा केस लिहीत होती. चालू औषधं कोणती, असं तिनं विचारलं. समोर बसलेल्या आईबापाला विचारायचं सोडून ऋतुराजनं मोबाइलवर आईचं कार्ड उघडलं आणि सांगितलं, "काही नाही. तसंच लिहा."

तेवढ्यात त्याच्या बापानं, सोनाजीनं, बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि आजची द्यायची राहिली, म्हणून पाणी मागितलं.

"आबा, ही तुमच्या नावावरची गोळी आहे."

"मला काय धाड भरली? गुडघे तुझ्या मायचे दुखतेत. बायामाणसं कुठं रांगेत उभी राहतेत? वस्तीवर समदे गडीच आपल्या कार्डावर आणतेत. तूच म्हनलास, बिनघोर घ्या. तवापासून दोन-दोन देतो."

ऋतुराजनं पट्टी हिसकावून घेतली आणि ही पुन्हा द्यायची नाही, असं बापाला दरडावलं. जसा काही गुन्हा म्हाताऱ्याचाच होता.

करुणानं हळूच विचारलं, "सर, आईंच्या नावावर गोळी लिहू?"

वच्छलाबाई सुजलेल्या डोळ्यांनी लेकाकडं कौतुकानं बघत होती. उद्या तो विमानानं दिल्लीला जाणार होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "आधी लिहिलंय तेच ठेवा."