चांदण्यांचं खळं

खारदांड्याच्या कृष्णाबाईला त्या वर्षी एकेका चांदणीभोवती खळं, धुरकट कडं, दिसू लागलं. खळं पडलं की दर्या बिघडणार, हे तिला सासऱ्यानं शिकवलेलं. तिचा नवरा लहू असंच एक खळं हसण्यावारी नेऊन दर्यात गेला, तो आलाच नाही. म्हणून ती लेकाला, धर्माला, रोज आडवी यायची. होडी महिनाभर वाळूवरच पडून राहिली. शेवटी धर्माची बायको प्रेमा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. खळं आभाळात नव्हतं, तिच्या मोतीबिंदूत होतं.

ऑपरेशन झालं. आता चांदण्या स्वच्छ दिसल्या तर अडवणार नाही, असा शब्द तिनं धर्माला दिला.

पंच्याऐंशी साल सरत होतं. जो तो शेपटीचा तारा शोधत होता. सांताक्रूझचे राजाराम मास्तर त्यासाठीच दुर्बीण घेऊन बंदरावर आले होते. जेवणं आटोपल्यावर तिथं जाऊन, जाड भिंगांचा चष्मा सावरत कृष्णाबाईनं वर पाहिलं. सगळ्या चांदण्या घासलेल्या भांड्यांसारख्या लख्ख. मृगाच्या तीन ताऱ्यांशेजारची एक मात्र धुकटलेलीच होती. तिनं ती मास्तरांना बोटानं दाखवली.

मास्तरांनी दुर्बीण तिकडे वळवली. आत चार ठिणग्या, आणि त्यांच्याभोवती पंख पसरल्यासारखा राखी ढग. मास्तरांनी समजावलं, तो वायूचा आणि धुळीचा ढग आहे. आतले तरणे तारे त्याला उजळतात आणि त्यातच नवे तारे जन्मतात. तो उजेड निघाला तेव्हा मुंबई शहरही नव्हतं. आपल्या वाऱ्यापावसाशी त्याचा संबंध नाही.

"म्हणजे बाळंतिणीची खोली," कृष्णाबाई म्हणाली. "तिथं डोकावू नये, मास्तर."

मास्तर हसले. धर्मा म्हणाला, "आये, आता शब्द पाळ." ती बाजूला झाली. पहाटेच्या पाण्यावर होडी गेली.

दुसऱ्या रात्री ती पुन्हा बंदरावर उभी राहिली. वारा पडला होता. कुत्रीसुद्धा गप्प होती. तिनं वर पाहिलं, चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग प्रेमाला हाक मारली. तिला काहीच सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "तुजे डोले तरणे. कंच्या चांदणीला खळं हाय, सांग."

एकच म्हण, एकच म्हण, असं ती मनात घोकत होती. प्रेमानं मान वर करून एकेक चांदणी न्याहाळली.

"सगळ्यांना, आये."

समोर दर्यावर परतणाऱ्या होडीचा एकही दिवा नव्हता. पाणी मागं सरत होतं, आणि त्याचा आवाज येत नव्हता.