घड्याळजींची तिसरी डिस्क

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. संगणकाच्या पोटात बसायचे आणि कोऱ्या डिस्कवर प्रकाशाच्या बारीक किरणाने चित्रे उमटवायची, हे माझे काम. दिसायला मी म्हणजे एक चपटा डबा, त्यामुळे माझे कौतुक कोणी करत नाही. ते मीच करून घेतो.

कारखान्यातून निघालो आणि माझ्या नशिबी कात्रीकाकांचे दुकान आले. काका लोकांची घरगुती चित्रीकरणे घेत, नको ते कापत, हवे ते जोडत. म्हणून गल्लीने त्यांना हे नाव ठेवले होते. वाढदिवस, सहली, बाळांची पहिली पावले, सगळे माझ्या हातून गेले. "काका, अगदी काढलं होतं तसंच आलंय," असे गिऱ्हाइकाने म्हटले की काका फुलून जात. तयार डिस्क तपासायची त्यांची एक खास पद्धत होती. डिस्क लावून ते दुसऱ्या कामाला लागत आणि फक्त कान देऊन असत. आवाज अडखळला नाही, म्हणजे डिस्क चांगली. इतक्या वर्षांत ही पद्धत त्यांना कधी नडली नव्हती.

एके दिवशी एक परिचारिका आली. तिचे वडील घड्याळजी होते. तीन महिन्यांपूर्वी ते वारले. त्यांना आणि तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हते. घरातले सगळे बोलणे हातांनी चाले. जाण्याआधी वडिलांनी कॅमेऱ्यासमोर तीन तास बोलून ठेवले होते. दोन तास लेकीसाठी. तिसऱ्या तासाला त्यांनी तिलाही खोलीबाहेर पाठवले. तो फक्त आईसाठी होता, आणि लेकीने तो मुद्दामच पाहिला नव्हता.

"सगळं एकाच डिस्कवर बसेल ना?" तिने विचारले. "आईला सारख्या डिस्का बदलायचा कंटाळा."

"न बसायला काय झालं? बसवू की," काका म्हणाले.

माझ्या एका डिस्कवर चांगल्या दर्जाचे चित्र साधारण तासभराचेच मावते. तीन तास कोंबायचे तर चित्र पिळून बारीक करावे लागते. काकांनी ते पिळले, वर मला पळवले पूर्ण वेगाने. मग कान दिला. पंख्याची घरघर आणि खुर्चीची कुरकुर अगदी स्पष्ट. "झकास," म्हणून त्यांनी डिस्क दिली आणि जागा मोकळी व्हावी म्हणून नेहमीप्रमाणे संगणकावरचे मूळ चित्रीकरण पुसायला लावले.

दोन दिवसांनी लेक आईला घेऊनच आली. डिस्क लावली. मागची भिंत सुरेख, खुर्ची सुरेख. पण हात हलले रे हलले की तिथे नुसती चौकोनी ठिगळे. पिळलेल्या चित्रात जे हलते, ते आधी बिघडते. आईने पडद्याकडे बघत हातांनी काहीतरी म्हटले.

"आई म्हणतेय, बाबा पुटपुटतायत," लेक म्हणाली. "असे ते कधीच बोलत नव्हते."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. "कॅमेऱ्यात मूळ असेल ना?"

"त्यावर भावाने दुसरं काहीतरी काढलं. तुमच्याकडे दिलंय म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

मला फार वाईट वाटले. ती ठिगळे शेवटी मीच उमटवली होती.

काका संगणकापाशी बसले. पडद्याच्या कोपऱ्यात दोन दिवस एक सूचना पडून होती. घाईत त्यांनी ती वाचलीच नव्हती. फाइल वापरात आहे, पुसता येत नाही, असे तिच्यात लिहिले होते. काका संकलनाचा प्रोग्राम बंद करायला विसरले होते आणि त्याने ती फाइल घट्ट धरून ठेवली होती. तीनही तास जसेच्या तसे.

"आहे," काका म्हणाले. "आहे हो, ताई."

लेकीने आईला खुणेने सांगितले. आईने दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबून धरले. माझाही जीव भांड्यात पडला. डब्याला जीव कुठून आला, ते विचारू नका.

या वेळी तीन डिस्क, प्रत्येकीवर एकच तास. मला सावकाश चालवले आणि तोवर संगणकावर दुसरे काहीही उघडले नाही. मग काकांनी तीनही डिस्क समोर बसून डोळ्यांनी पाहिल्या. हातांची भाषा त्यांना येत नव्हती, त्यामुळे गुपित गुपितच राहिले. तिसरीत घड्याळजी वीस मिनिटे बोलले आणि पुढची चाळीस मिनिटे नुसते समोर बघत बसून राहिले. तेवढा भाग छाटायला काकांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी स्वतःला आवरले.

संध्याकाळी आईने तिसरी डिस्क तिथेच लावायला सांगितली. लेक बाहेर जायला उठली, तर आईने तिला हाताला धरून बसवले. आता घड्याळजींचे एकेक बोट वेगळे दिसत होते. आई आधी हसली, मग रडू लागली.

"काय म्हणतायत ते?" काकांना राहवले नाही.

"भांडण रंगात आलं की बाबा उठून दिवा घालवायचे," लेक म्हणाली. "अंधारात आईला बोलता यायचं नाही. शेवटचा शब्द बाबांचाच. आता म्हणतायत, चुकलंच माझं. तुझं जे बोलायचं राहिलं असेल, ते आज बोल. मी उठणार नाही."

पडद्यावर घड्याळजींनी हात मांडीवर ठेवले. आईने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि तिचे हात सुरू झाले. चाळीस मिनिटे ती बोलत होती आणि ते बसून होते.

मित्रांनो, हल्ली मला फारसे काम नसते. तरी एक मागणे मागतो. आपल्या माणसांची चित्रे दाटीवाटीने कोंबू नका, आणि डिस्क पूर्ण पाहिल्याशिवाय मूळ पुसू नका. आणि त्यात कोणी नुसते गप्प बसलेले दिसले, तर तेवढा भाग कापून टाकू नका. ते माणूस कदाचित कोणाचे तरी ऐकत बसलेले असेल.