किंमत उतरेपर्यंत

अंगठा बटणावर टेकला, त्याचं टोक पांढरं पडलं, पण बटण खाली गेलं नाही. व्हीलचेअरमध्ये जरा सरकून भावाने पुन्हा दाबून पाहिलं. पडद्यावरची गाडी जागची हलली नाही.

"कडक आहे का हो हा कंट्रोलर?" बहिणीने विचारलं.

"नाही ताई, डेमोचा पीस आहे. उलट सैल झालाय," दुकानदार बोलून गेला आणि उगाच काउंटर पुसू लागला.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. आकड्यांचा कल तिला चटकन दिसायचा. हा गेम कन्सोल बाजारात आला तेव्हाच तिने भावाला समजावलं होतं, नवीन मॉडेल जाहीर झालं की जुन्याची किंमत पडते, घाई कशाला? किंमत पडली. मग आणखी पडणार अशी बातमी आली. मग याचंच स्लिम मॉडेल येणार म्हणून दोघं थांबली. प्रत्येक वेळी तिचा अंदाज बरोबर ठरला.

भावाचा आजार स्नायूंचा. फिजिओथेरपिस्ट दर भेटीत त्याच्या पकडीचा जोर मोजायचा. ते आकडेही उतरतच होते, आणि तेही तीच वाचायची. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तिने कधी पाहिले नव्हते.

"दात होते तेव्हा चणे नव्हते," भाऊ हसला. "आता बघ, चणे निम्म्या भावात!"

"गप रे."

"चिडतेस काय? मित्र सगळे कधीच पुढच्या मॉडेलवर गेलेत. तसंही मला एकट्यालाच खेळावं लागलं असतं."

"खरं सांगू का ताई," दुकानदार म्हणाला, "महिनाभर थांबा. नवीन आलं की हा अजून उतरेल. आज न्याल आणि मागाहून मला शिव्या द्याल."

'बघू' म्हणायला तिने सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात कंट्रोलर परत ठेवायला भावाने हात उचलला. हात काउंटरच्या कडेपर्यंत पोचला नाही. त्याने कंट्रोलर सावकाश मांडीवर घेतला, जणू तिथेच ठेवायचा होता.

"थांबू की, ताई," तो म्हणाला. "नाहीतरी बटणं कोण दाबणार आहे?"

"मी दाबेन. कुठलं ते तू सांग." ती दुकानदाराकडे वळली. "आजच द्या. आहे त्या किमतीला."