वत्सलेची पदवी, वरदाचं शेत

स्वामीमलैतल्या एका मूर्तिशाळेत व्यासराज हिशेब लिहायचे. सकाळच्या बसने कुंभकोणमहून निघायचे, पंचधातूच्या मूर्तींची बिलं करायचे, परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत उत्तरं धाडायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. डॉलरचा भाव त्यांच्या जिभेवर असे. पण १९८९च्या उन्हाळ्यात तो डॉलर त्यांच्याच घरात येऊन बसला.

कारण त्यांची धाकटी, वत्सला. मेडिकलची तिची जागा थोडक्यात हुकली होती, पण त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. तिला शिकायचा होता मेंदू. तिच्याहून आठ वर्षांनी मोठ्या वरदराजाला शाळकरी वयापासून फेफरं यायचं. बोलता बोलता डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचं आणि शुद्धीवर आल्यावर त्याला मधलं काही आठवायचं नाही. तेवढ्या वेळात अण्णाच्या डोक्यात काय होतं, हे तिने लहानपणी ज्याला त्याला विचारून पाहिलं होतं. अम्मा देवाकडे बोट दाखवायची. डॉक्टर हसून म्हणाले होते, मोठी झालीस की वाच. पोरीने ते मनावर घेतलं.

मूर्ती घ्यायला आलेल्या एका अमेरिकन बाईंनी तिला आपल्या गावच्या लहानशा कॉलेजचं नाव सांगितलं. तिथे न्यूरोसायन्स हा विषय पहिल्या पदवीलाच शिकवत. वत्सलेने अर्ज केला. कॉलेजने फी माफ करून प्रवेश दिला. राहण्याजेवणाचा आणि विमानाचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

व्यासराजांनी एखाद्या मालाचा मांडावा तसा त्या पदवीचा हिशेब मांडला. मद्रासचा पुतण्या जानकीराम कॉम्प्युटर शिकून पहिल्याच वर्षी त्यांच्या दीडपट पगार घेऊ लागला होता. मेंदू शिकून काय मिळतं, असं त्यांनी त्या बाईंना विचारलं. बाईंनी आडपडदा न ठेवता कळवलं, की नुसत्या पदवीवर प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळते, पगार बेताचा. पुढे डॉक्टरेट केली तर बरे दिवस येतात, पण त्यात आणखी पाचसहा वर्षं जातात. म्हणजे कर्ज आजचं आणि कमाई कधीची ते कोणी सांगावं! व्यवहार म्हणून पाहिलं तर हा धंदा तोट्याचा होता. तरी मुलीच्या तोंडाकडे पाहून त्यांना नाही म्हणवेना.

पैसे उभे करायला एकच वाट होती. पट्टीश्वरम्‌जवळची तीन एकर भातशेती. वरद एकवीस वर्षांचा झाला तेव्हा व्यासराजांनी ती त्याच्या नावावर केली होती. आपल्या माघारी याच्या ताटात कुळाकडून येणाऱ्या खंडाचा भात तरी पडावा, एवढाच हेतू. ती गहाण ठेवली तर बँक कर्ज द्यायला तयार होती.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीदेवी फार बोलणाऱ्या नव्हत्या. "एकीचं मांडायला दुसऱ्याचं मोडायचं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

एके संध्याकाळी व्यासराजांनी बँकेचे कागद वरदापुढे ठेवले आणि सही करायची जागा बोटाने दाखवली. वरदाने कागद उचलले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. फेफऱ्याच्या गोळ्यांनी तो जरा संथ झाला होता. वाचायला वेळ लागला.

"हे शेत कोणाचं, अप्पा?" त्याने विचारलं.

"तुझंच की."

"मग मला कोणी विचारलं का नाही? सही कोठे करायची तेवढंच दाखवलंत."

वत्सला घाईघाईने म्हणाली, की तिला कुठेही जायचं नाही, इथल्याच कॉलेजात ती नाव घालेल.

"तू थांब. मी नाही म्हटलेलं नाही." वरदाने कागद मांडीवर ठेवले. "सही करतो. पण शेत माझं असेल तर मी शेतावर जाणार. एकटा. बसने."

सोळाव्या वर्षी तो मंदिराच्या तळ्याच्या पायऱ्यांवरून कोसळला होता. तेव्हापासून त्याला गल्लीच्या टोकापलीकडे एकट्याने कोणी जाऊ दिलं नव्हतं. लक्ष्मीदेवी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "वाटेत फेफरं आलं तर?"

"घरात येत नाही का, अम्मा?"

वरदाने सही केली. ऑगस्टात वत्सला गेली आणि त्यानंतरच्याच सोमवारी वरद पट्टीश्वरम्‌च्या बसमध्ये चढला. घरी तो भिंतीला टेकून बसून असायचा. आता पाणी कधी सोडलं, खत किती घातलं यावर कुळाशी, कृष्णमूर्तीशी, वाद घालू लागला.

व्हायचं ते एकदा झालंच. रोपं लावायच्या दिवसांत तो बांधावरून चिखलात पडला. कृष्णमूर्तीने त्याला कुशीवर वळवून धरलं आणि शुद्धीवर आल्यावर बैलगाडीने घरी आणून पोचवलं. लक्ष्मीदेवींनी सांगून टाकलं की आता पुरे. व्यासराजांच्याही मनात तेच होतं. दुसऱ्या सकाळी सुजलेल्या ओठांनी वरदाने जेवणाचा डबा उचलला. व्यासराज त्याला अडवायला उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथे त्यांच्या हातून नुसती छत्री पुढे झाली. वरदाने ती घेतली आणि निघाला.

पुढे १९९१ साली रुपया घसरला. मूर्तिशाळेचे मालक गुरुमूर्ती यांनी पेढे वाटले, कारण आता परदेशातून मागणी वाढणार होती. व्यासराजांनी आपला पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. वत्सलेची दोन वर्षं राहिली होती आणि त्यांनी बेतलेला खर्च एका रात्रीत फुगला होता. अखेर मालकांकडूनच पगारावर उचल घेतली आणि रविवारीही कामावर जायला लागले. तिकडे वत्सला कॉलेजच्या भोजनगृहात ताटं घासत होती. हे तिने घरी कळवलं नाही; जानकीरामला लिहिलेल्या तिच्या पत्रावरून कळलं तेव्हा लक्ष्मीदेवी दिवसभर जेवल्या नाहीत.

१९९३ साली पदवी मिळाली, आणि नोकरी त्या अमेरिकन बाईंनी सांगितली होती तशीच मिळाली: एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. तिकडच्या मानाने पगार किरकोळ. चौघीजणी मिळून एका घरात राहायच्या. जानकीरामने तोवर मद्रासला फ्लॅट घेतला होता, आणि नातलग व्यासराजांना ते मुद्दाम सांगत.

पण इतकी वर्षं हिशेब लिहूनही एक गोष्ट व्यासराजांच्या ध्यानात आली नव्हती. कर्ज रुपयांत होतं आणि पगार डॉलरमध्ये. ज्या घसरणीने त्यांचं कंबरडं मोडलं होतं, तिच्यामुळेच आता वत्सलेने हप्त्यांसाठी पाठवलेली तुटपुंजी शिल्लक इथे येईतो भरीव होत होती. तिच्या सांगण्यावरून वरदाने तंजावरच्या डॉक्टरांकडून औषधही बदलून घेतलं. फेफरं थांबलं नाही, पण विरळ झालं, आणि डोळ्यांवरची गुंगी उतरली.

१९९७च्या जानेवारीत शेवटचा हप्ता गेला. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. तिला डॉक्टरेटसाठी जागा मिळाली होती, पण विद्यावेतन पगाराहूनही कमी. आता काही वर्षं घरी काही पाठवता येणार नव्हतं.

"अप्पा, मी तोट्याचाच सौदा ठरले ना?" ती म्हणाली.

खरं तर कागदावर ते सिद्ध करणं व्यासराजांना सहज जमलं असतं.

"ते मला मांडता येत नाही," ते म्हणाले. "तू शीक."

शेताचे कागद परत घ्यायला ते वरदाबरोबर बँकेत गेले. वरदाने सगळं वाचून, सावकाश सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी त्याला कॉफी प्यायला नेलं. वरदाने पेला खाली ठेवला.

"अप्पा, एका एकरात पानमळा लावावा म्हणतो. त्याला कर्ज लागेल."

"आत्ताच तर सुटलो!"

"मॅनेजरांना विचारून ठेवलंय. तुमच्या सहीची गरज नाही. पण तुम्हाला विचारल्यावाचून करणार नाही."

व्यासराजांनी मुलाच्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आणखी दोन कॉफी मागवल्या आणि वेलींना आधार कशाचा देणार, ते विचारलं.