भरलेली डबी

गॅरेजवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी फार पिडतो. दोन वर्षं झाली की ब्रेक ऑइल बदला म्हणून त्यांचं डोकं खातो. तेलाची डबी तर काठोकाठ भरलीय, असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं. डबीला झाकण असलं तरी घेतं. ओल मुरलेलं तेल सपाट रस्त्यावर मुकाट काम करतं आणि लांबलचक उतारावर ब्रेक तापले की उकळतं. नळीत वाफ होते, पेडल थेट तळाला टेकतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे.

माझ्या सख्ख्या दादाच्या गाडीतलं तेल मात्र सहा वर्षांत मी एकदाही बदललं नाही. घरचीच गाडी, कधीही करू. तो सुट्टीच्या दिवशी वहिनीला घेऊन यायचा, गप्पांच्या नादात मी बॉनेट उघडून वरून घोटभर तेल ओतायचो नि झाकण लावायचो. खालचं तेल काळपट पडलेलं मला दिसत होतं. मी काही आंधळा नाही.

मार्चमध्ये डोंगर उतरताना शेवटच्या वळणावर त्यांची गाडी कठड्यावर आदळली. दादाचा खुबा मोडला. वहिनी जागच्या जागी गेली.

पेडल दाबलं तर खालीच गेलं, असं दादा सगळ्यांना सांगत राहिला. पण दुसऱ्या दिवशी आरटीओच्या तपासनिसाने दाबून पाहिलं, तर ब्रेक ठणठणीत. डबी भरलेली, गळती कुठे नाही. तेल थंड झालं की वाफ जिरते आणि ब्रेक परत येतो, हे त्याला मी सांगायला हवं होतं. मी तिथेच उभा होतो आणि मूग गिळून गप्प बसलो. कागदावर चालकाची चूक लागली. तेव्हापासून दादाची मुलगी बापाशी बोलेनाशी झाली. ताट समोर ठेवायची नि आत निघून जायची.

दादा अजून अंथरुणातच आहे. म्हणून दर आठवड्याला त्याची दाढी करायला मी जायचो. सहा महिन्यांनी, परवा, गालाला साबण लावताना तो म्हणाला, "माझाच डोळा लागला असेल रे."

एवढं मात्र मला ऐकवेना.

"दादा, ब्रेक गेलाच होता," मी म्हटलं. "तेल जुनं होतं. मी बदललं नव्हतं, नुसतं वर ओतत होतो."

त्याने एक मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने मांडीवरचा टॉवेल मुठीत धरला.

"म्हणजे मी दाबला होता ब्रेक?"

"दाबला होतास."

"नक्की?"

"नक्की, दादा."

त्याने टॉवेल तोंडावर धरला. साबणासकट. त्याचे खांदे हलू लागले.

गरम पाण्याचं भांडं घेऊन पुतणी दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे. तिने भांडं खाली ठेवलं, पलंगाच्या कडेला बापाजवळ बसली आणि त्याचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "बाबांची दाढी मी करते. तुम्ही जा, काका. परत येऊ नका."