उलट्या वायरीची शांतता

कारखाना खुर्च्या-सोफे दुरुस्तीचा होता, पण रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, इथे आवाजच दुरुस्तीला येतात. सुतारमामांच्या रेडिओवर क्रिकेटचं समालोचन, पॉलिशकाकांच्या टेपवर जुनी रडकी गाणी आणि गादीवहिनींच्या मोबाइलवर कोर्टाची मालिका. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवायचा, दुसऱ्याने वाढवला की तिसरी. या चढाओढीत दारावरची घंटा बिचारी केव्हाच बाद झाली होती. गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक घंटा वाजवून वाजवून दमलं आणि आपल्याच सोफ्यावर दारात झोपलं. वहिनींनी सोफा आत ओढून घेतला. गिऱ्हाइकासकट मापं घेतली. कापड बेतायला बसल्या तेव्हा कुठे त्यांना शंका आली, की उशा सहसा घोरत नाहीत.

मालकीण म्हणजे आत्या. त्या सकाळी ती भाचीपुढे येऊन उभी राहिली. भाची खुर्च्यांचे पाय घडवायची, पण तिचा जीव अडकलेला वायरींत. दोनदा अख्ख्या गल्लीची वीज घालवल्यापासून सगळे तिला फ्यूज म्हणत.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ देते," आत्या म्हणाली. "दारावरची घंटा मला माझ्या टेबलापाशी ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर हे सगळे वाजणारे डबे भंगारात आणि तू यापुढे वायरीला हात लावायचा नाही. बल्बसुद्धा काका बदलतील."

"काका उंचीला घाबरतात."

"मग अंधारात बसू."

फ्यूजच्या हातांना स्फुरण चढलं. बेत तिच्या डोक्यात कधीचा तयार होता. तिन्ही आवाज एका मिक्सरमध्ये, घंटेपाशी एक माईक, तोही मिक्सरमध्ये. तिथून अँप्लिफायर आणि पुढे समोरासमोरच्या भिंतींवर दोन मोठे स्पीकर. बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमधून तिने ते उचलून आणले होते, अगदी जुळे भाऊ. मागच्या खेपेला तिने सगळ्या वायरी नुसत्याच एकत्र पिळल्या होत्या आणि तिन्ही आवाजांनी एकमेकांचा गळा धरला होता. म्हणून आता प्रत्येकाच्या वाटेत एकेक रेझिस्टर.

"ह्याने काय होतं गं?" वहिनींनी विचारलं.

"सगळे रांगेत येतात. धक्काबुक्की नाही."

"कोर्टाला पुढे उभं कर हो."

फ्यूजने बटण दाबलं आणि काय सांगावं! न्यायाधीशांनी हातोडा आपटला, चेंडू सीमेपार गेला आणि त्याच क्षणी गायिकेला परदेशी गेलेला प्रियकर आठवला. तिघांच्याही हातातलं काम गळून पडलं.

"आरोपी बाद आहे!" सुतारमामा ओरडले.

"त्या गोलंदाजाला जन्मठेप द्या!" वहिनी.

पॉलिशकाका डोळे पुसत होते. नेमकं कोणासाठी, ते त्यांनाही सांगता येईना.

फ्यूज उड्या मारतच टेबलाकडे धावली. आत्या खोलीच्या मधोमध बसून बिलं लावत होती.

"कसं वाटतंय?"

"चालू कधी करणार आहेस?"

फ्यूजने खाली वाकून आत्याच्या डोक्याला डोकं लावलं. खरंच की! तिथे नुसती खरखर. ती एक पाऊल बाजूला सरकली, तर षटकार. परत आली, शांतता. पुन्हा सरकली, साक्षीदार फुटला. परत, शांतता.

तिने कपाळावर हात मारला. एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. एक हवा ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा आणि दोघांपासून सारख्याच अंतरावर, नेमकी आत्याच्या टेबलापाशी, दोघांची फिट्टंफाट.

"एका मिनिटात सुलट्या करते, आत्या!"

"हात तर लावून बघ," आत्या म्हणाली. डोळे मिटून तिने मान मागे टेकली. "कित्येक वर्षांनी मला माझीच खुर्ची करकरताना ऐकू आली. किती छान करकरते."

तेवढ्यात सुतारमामांनी दारात जाऊन घंटा दाबली. कारखाना दणाणला. टेबलापाशी मात्र काही नाही.

"घंटा नाही आली," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "मला शांतता हवी आणि घंटाही हवी. सुट्टी होतच आली."

फ्यूज जागच्या जागी गोल फिरली. दोघं एकमेकांवर उलटतात म्हणून आवाज मरतो. पण एकटा असेल तर? एकट्याला मारणार कोण?

"काका, तुमचा भोंगा!"

कोपऱ्यात एक पत्र्याचा भोंगा होता. त्यात पॉलिशकाका ब्रश ठेवत. काका नाही म्हणेपर्यंत ब्रश हवेत होते. फ्यूजने माईकची वायर मिक्सरमधून उपटली, जुन्या रेडिओतून काढलेल्या छोट्या अँप्लिफायरला जोडली, तिथून थेट भोंग्याला. वहिनींनी दातांनी वायर सोलली. सुतारमामांनी खिळा ठोकला, आधी अंगठ्यावर, मग भिंतीत. सामन्यात शेवटचं षटक चालू होतं, कोर्टात निकाल लागायचा होता, आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"मामा, दाबा!"

भोंगा असा खणखणला, की आत्या ताडकन उभी राहिली आणि समोर कोणी नसताना म्हणाली, "या, या, बसा!"

"आली?" फ्यूजने विचारलं.

आत्या खाली बसली. पुन्हा शांततेत शिरून तिने पदर नीट केला.

"आली. राहू दे सगळं. पण हे टेबल कोणी इंचभरही हलवलं तर गाठ माझ्याशी आहे."

मग काय विचारता! मामांनी फ्यूजला स्टुलावर चढवलं, काकांनी सापडलेले सगळे ब्रश पुन्हा उडवले. गोंधळ ओसरल्यावर आत्याने तिला खुणेने जवळ बोलावलं.

"काय गं, घरी आमच्या ह्यांच्या बोलण्यासाठी असं काही जमेल?"

"नाही गं आत्या. तिथे आवाज एकाच तोंडातून येतो."

आत्याने गंभीरपणे विचार केला.

"म्हणजे उलट्या वायरीचे आणखी एक हे लागतील," ती म्हणाली. आणि फ्यूज पक्कड खिशात घालून निघालीसुद्धा, दुसरे हे म्हणून पॉलिशकाकांच्या उंचीचं माप घ्यायला.