खवल्या मांजराचे चाळीस खवले

टाकाऊ सामानातून प्राणी बनवायचं खूळ माझंच. भेटीच्या खोलीत आईने किंवा बापाने मुलाला विकतची वस्तू द्यायची नाही, खाऊसुद्धा नाही, असा, वेगळ्या झालेल्या आईबापांच्या नि मुलांच्या भेटी घडवणाऱ्या आमच्या कार्यालयाचा नियम आहे. पूर्वी एकेक बाप अख्खं खेळण्यांचं दुकान उचलून आणायचा आणि खाली उभी असलेली आई डोळे पुसायची, म्हणून तो केला. पण मग तासभर करायचं काय? आठवड्यातून एकदा भेटणारी माणसं समोरासमोर बसवली की दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतात. म्हणून मी म्हटलं, घरातला कचरा आणा. अंड्यांचे ट्रे, पुठ्ठ्याच्या नळ्या, रिकाम्या बाटल्या, भोकं पडलेले मोजे. कात्री आणि डिंक मी देते. आमच्या अधिकारी मॅडमनी नाक मुरडलं, पण परवानगी दिली. अट एवढीच, की कोणी काय आणलं ते मी वहीत लिहायचं आणि स्वतः घरून काही आणायचं नाही.

मी त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते, बघते आणि लिहिते. अकरा वर्षं झाली. मुलं मला मावशी म्हणतात, बाप लोक ताई म्हणतात, आणि आया बहुतेक काहीच म्हणत नाहीत.

लिफ्टवाला शनिवारी अकराला यायचा. लिफ्ट दुरुस्त करायचं काम, त्यामुळे बोटांच्या पेरांत ग्रीस कायम मुरलेलं. दारूपायी घर मोडलं हे त्याने पहिल्याच दिवशी आपणहून सांगितलं, आणि सात महिने थेंबाला शिवलो नाही हेही सांगितलं. असं सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्याची मुलगी सात वर्षांची. तो तिला मुंगी म्हणायचा, आणि नाव शोभतच होतं, एक मिनिट कार्टी स्वस्थ बसेल तर शपथ. सहा महिने भेटी नीट पार पडल्या तर पुढे ती रविवारी त्याच्या घरी जाऊ शकणार होती. दारूचा नुसता संशय आला तरी भेटी बंद.

सुरुवातीला मुंगी बापाशी बोलायचीच नाही, त्याच्या पिशवीशी बोलायची. पिशवी टेबलावर उपडी करायची आणि एकेक वस्तू उचलून उलटतपासणी घ्यायची. दुधाची पिशवी एवढुशी का? तो म्हणायचा, एकट्याला पुरते. टूथपेस्ट का बदलली? अंड्यांचा ट्रे रिकामा व्हायला तीन आठवडे का लागले? त्याचं घर तिने पाहिलेलं नव्हतं, पण कचऱ्यावरून तिला ते पाठ झालं होतं. ट्रेची मगर झाली, नळीचं घुबड झालं, शाम्पूच्या बाटलीचा पेंग्विन झाला. पेंग्विन सारखा तोंडावर पडायचा, तेव्हा बापाने खिशातून दोन जड नट काढून त्याच्या पोटात टाकले आणि तो उभा राहिला. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मी वहीत लिहिलं, 'भेट समाधानकारक.' याहून जास्त लिहायला वहीत जागा नसते.

मग तिला शाळेच्या पुस्तकात खवल्या मांजर सापडलं आणि तिने धोशाच लावला. खवले हवेत, खूप हवेत, आणि खरे वाटायला हवेत. बापाने कबूल केलं, पुढच्या शनिवारी खवले घेऊन येतो. आठवडाभर पत्र्याचे डबे कापून तो खवले करत होता, हे त्याने मला नंतर सांगितलं.

त्या शनिवारी तो घामाघूम होऊन आला, हातात नुसती हत्यारांची पिशवी. पहाटेपासून कुठल्याशा इमारतीत म्हातारा-म्हातारी लिफ्टमध्ये अडकले होते, त्यांना काढून तो तसाच धावत आला होता. खवले घरीच राहिले. मुंगी जिना चढत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. तो मला म्हणाला, "ताई, आता काय सांगू तिला?"

बाप लोकांची तोंडं बघून पाघळायचं नाही, असा मी अकरा वर्षांपूर्वीच कानाला खडा लावलाय. पण त्या दिवशी मी पाघळले. उठले, कपाट उघडलं आणि बिस्किटांचा एक डबा त्याच्या हातात दिला. आत बाटल्यांची पत्र्याची झाकणं होती, काठाला दाते असलेली.

ती झाकणं माझ्या घरची. माझा नवरा पितो. आरडाओरडा नाही, मारझोड नाही, रोज संध्याकाळी खुर्चीत बसून शांतपणे पितो आणि चालू टीव्हीसमोर झोपतो. शेजाऱ्यांना पत्ता नाही. बाटल्या तोच सकाळी बॅगेतून बाहेर नेतो, पण झाकणं सोफ्याखाली, सिंकपाशी, शर्टाच्या खिशात राहतात. इमारतीचा कचरा उचलणारी बाई मोठी चौकस, कोणाच्या घरी काय शिजलं हे तिला जिन्यावरूनच कळतं. म्हणून मी झाकणं पर्समध्ये घालून कार्यालयात आणायची आणि डब्यात टाकायची. डब्यावर मीच 'हस्तकला' अशी चिठ्ठी लावली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या दारूची नोंद ठेवणाऱ्या बाईने आपल्या घरची कुठे ठेवावी?

लिफ्टवाल्याने एक झाकण उचललं, वरचं बियरच्या कंपनीचं चित्र पाहिलं, परत ठेवलं आणि बोटं पँटला पुसली. मी म्हटलं, ठोकून सपाट करा आणि उलटी चिकटवा, चकचकीत बाजू वर येऊ दे. आणि तुम्हीच आणलीत म्हणून सांगा. त्याने हातोडी काढली. मुंगीने झाकणं मोजली तेव्हा चाळीस भरली. कुठून एवढी आणलीस म्हणून तिने विचारलं, तर तो म्हणाला, जमवली. "माझ्यासाठी?" त्याने मान डोलावली. मी वहीत लिहिलं, 'धातूची झाकणे, चाळीस. वडिलांनी आणली.' खवल्या मांजर फार देखणं झालं. मी स्वतःवर खूश होते, हेही लपवत नाही.

बुधवारी मुंगीची आई आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी, मोजकं बोलणारी बाई. तिने खवल्या मांजर मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी निसटलेला एक खवला, चित्राची बाजू वर करून. मग नखाने दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे तसलेच. मुलगी ते उशाशी घेऊन झोपते, म्हणाली. बाबांनी माझ्यासाठी जमवलं असं सगळ्यांना सांगते. तिचा आवाज कुठेच चढला नाही, आणि तेच ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याला बोलावलं. खोलीत मॅडम, मुंगीची आई, तो आणि वही घेऊन मी. तो म्हणाला, झाकणं माझी नाहीत. मॅडमनी विचारलं, मग कोणाची? त्याने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, वहीत काय आहे?"

माझी पाचावर धारण बसली. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण खरी भीती पुढच्या प्रश्नाची होती. तुमच्याकडे एवढी झाकणं कुठून आली? ते उत्तर मी सख्ख्या बहिणीलाही दिलेलं नव्हतं. मी वही उघडली आणि लिहिलेली ओळ वाचून दाखवली. तो आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मग सही करायला सांगितली तिथे सही करून गेला.

भेटी बंद झाल्या. पुढचे तीन शनिवार अकरा ते बारा खोली रिकामी होती आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. पहिल्या शनिवारी मी स्वतःची समजूत घातली की होईल काहीतरी. दुसऱ्या शनिवारी मला त्याचाच राग आला, तोंड होतं ना, बोलायचं होतं. तिसऱ्या शनिवारी स्वतःशी खोटं बोलायलाही काही उरलं नाही. सोमवारी मी डबा घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले, सगळं सांगितलं. त्यांनी डब्यात उरलेली झाकणं पाहिली, चिठ्ठीवरचं माझं अक्षर पाहिलं. मग एवढंच विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, सोळा.

मला लेखी ताकीद मिळाली. मुंगीच्या आईला बोलावून खुलासा केला, तो तिने ऐकून घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भेटी पुन्हा सुरू झाल्या. शनिवारी लिफ्टवाला साडेदहालाच येऊन बसला, पिशवी भरगच्च. मी माफी मागितली. तो पिशवीचे बंद सोडत होता, वर न बघता म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल."

अकराला मुंगी आली. यावेळी जिन्यावर आवाज नव्हता. झालेला घोटाळा तिच्या आईने तिला समजावून सांगितला होता, झाकणं बाबांची नव्हती, बाबा पीत नाहीत, सगळं. मॅडमनीही सांगितलं होतं. ती दारात थांबली. मग चालत बापाजवळ गेली, पिशवीकडे ढुंकूनही न बघता त्याच्या गुडघ्यांवर हात टेकून उंच झाली आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं, नीट.

त्याला कळलं. त्याने मान मागे घेतली नाही. डॉक्टरसमोर उघडतात तसं तोंड उघडून तो तिच्यापुढे बसून राहिला, तिची खात्री होईपर्यंत. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि ते पुसायलाही त्याने हात हलवला नाही.

ती मग खुर्चीत बसली आणि कात्री मागितली. मी दिली. संध्याकाळी घरचं दार उघडलं की मीही रोज हेच करते, नवऱ्याजवळ जाते आणि श्वास आत ओढते. सोळा वर्षांत एकदाही ते सुटलेलं नाही. मुंगी सात वर्षांची आहे. मी वही पुढे ओढली, पिशवीतल्या वस्तू एकेक करून लिहिल्या, आणि भेट कशी झाली त्या रकान्यात काय लिहावं ते मला बारा वाजेपर्यंत सुचलं नाही.